वर्दीतला दत्ता पडेना

तुमच्या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी रोज वाचते, पण खरं सांगू, मला हे पटत नाही. आमच्याकडं कुणाच्या अंगात आलं की आधी तिला लिंबू-सरबत पाजणारी बाई मी. सातवी शिकलेली, पुढचं वाचून वाचून... शुद्धलेखन सांभाळून घ्या. तरी हे लिहितेय, कारण हे मी स्वतः पाहिलंय.

आमचं गाव सुप्याजवळ. गावामागं उघडा माळ, सावलीला झाड नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात तिथं एका लढाईच्या पिक्चरचं शूटिंग लागलं. मूठभर जवान वाळवंटातली चौकी सोडत नाहीत, शेवटी सगळे मरतात — अशी स्टोरी. माझा दत्ता एमआयडीसीत कामाला. त्यानं रजा टाकून जवानाचं काम धरलं. काम काय, तर स्फोट झाला की पडायचं. पण त्याच्या मापाची वर्दी त्यांच्याकडं नव्हती. अंगापिंडानं तो थेट थोरल्या चुलत्यावर गेलाय.

हे चुलते, म्हणजे माझे थोरले भाऊजी, फौजेत होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत लढाईत बेपत्ता झाले. घरी आली ती नुसती ट्रंक. माझ्या जावेनं — आम्ही तिला आक्का म्हणतो — कुंकू कधी पुसलं नाही. "मढं आलं का? मग?" एवढंच म्हणायची. गाव पाठीमागं बोलायचं... पळाला असेल, तिकडं दुसरी केली असेल. तिच्या कानावर सगळं यायचं.

दत्ताला माझ्यापेक्षा तिनंच जास्त वाढवला. त्यानं हट्ट धरला तशी तिनं ट्रंक उघडून भाऊजींची वर्दी काढली, पण बजावलं, "घाल. फकस्त ह्यात मरायचं न्हाई. मरायची येळ आली की काढून ठेव."

"आक्का, मला मरायलाच तर बोलावलंय," दत्ता हसत म्हणाला, आणि गेला घालून.

दुपारी आम्ही दोघी शूटिंगच्या मांडवात बसलो होतो, समोर उंचवट्यावर चौकी उभारलेली. स्फोट झाला, धूर झाला, सगळे पडले. दत्ता उभा. परत घेतलं. परत उभा. डायरेक्टर माईकवर म्हणाला, "ए लंब्या, तुझ्या बापाची चौकी आहे का? पड की." लोक हसले. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. दोघं त्याला खाली ओढायला गेले, तर लाकडी बंदुकीच्या दस्त्यानं त्यानं एकाचा खांदाच मोडला.

मी पाणी घेऊन पळाले. "दत्ता, बाळा, घोटभर पी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं... वैरीसुद्धा असा बघत नसेल हो. "ह्या बाईला मागं न्या. पुढं आली तर गोळी घालीन." आवाज माझ्या लेकाचा नव्हता. बंदूक लाकडाची, हे ठाऊक असून मी मागं सरले.

ऊन तर असं की दगडाला हात लावता येईना. ओठ फुटून रक्त आलं, गुडघे लटलटत होते, तरी हा खाली बसेना. शूटिंगच्या डॉक्टरनं लांबूनच सांगितलं, असाच उभा राहिला तर वाचायचा नाही.

मी मांडवात आले. "आक्का, आवाज वळखलास?"

"व्हय. मी काय करावं म्हनतीस?"

तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं. मी नुसतं तिच्या कुंकवाकडं पाहिलं. वर माझं पोर उभं होतं.

आक्का चढून गेली. तिला त्यानं अडवलं नाही. तिनं पदराचं टोक घेतलं आणि त्याच्या समोर कुंकू पुसलं. "तुमी पळाला न्हाई. मी बघितलं. आता पडा." वळली, आणि खाली उतरायला लागली. थोड्या वेळानं मागं दत्ता धाडकन पडला. तिनं वळून पाहिलं नाही. कॅमेरा चालूच होता.

माझ्याजवळ आल्यावर म्हणाली, "घे तुझं पोर. माझा मानूस मी मारून आले."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आमच्या दोन घरांमधलं दार तिनं बंद केलं. नळावर भेटली तर तोंड फिरवते.

दत्ताला काही आठवत नाही. दवाखान्यात म्हणाले ऊन लागलं, त्यात माणूस बरळतो. असेल बाई. पण शर्ट मी माझ्या हातानं काढला — एवढ्या उन्हात उभा राहिलेला माणूस, आणि शर्टाला घामाचा थेंब नाही. ह्याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

पिक्चर लागला तेव्हा सावेडीला थेटरात जाऊन पाहिला. दत्ताचं पडणं त्यात ठेवलंय. तिथं लोकांनी टाळ्या-शिट्ट्या वाजवल्या, घोषणा दिल्या. मला मान वर करवेना. शेजारी दत्ता हळूच म्हणाला, "आई, हे मी कधी केलं?"

घरी आलो तर आक्का तिच्या उंबऱ्यात उभी. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं पाहिलं.

"कसे पडले? पाठीवर का तोंडावर?"

"तोंडावर, आक्का. पुढंच पडले, वैऱ्याच्या दिशेनं."

तिनं मान हलवली आणि दार लावून घेतलं.