खोल्या फ्रेममध्ये नकोत

दसऱ्याला मी जावयांच्या कॅमेऱ्याची पूजा केली, आणि ती जरा जास्तच मनापासून केली. लेकीकडे दुबईत आम्ही दोघं राहायला आल्यापासून दसऱ्याची पूजा माझ्याकडेच असते. पाटावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, मिक्सर, नातीचा टॅब असं सगळं मांडलं, मधोमध कॅमेरा ठेवला. लेन्सचं झाकण मुद्दाम काढलं. झाकण घालून पूजा केली तर ती झाकणाची होईल, असं माझं म्हणणं. आता काचेवर अक्षता वाहू नयेत एवढी अक्कल मला आहे, म्हणून मी त्या कडेकडेने वाहिल्या. कडेने म्हणजे नेमकं जिथे झूमची कडी फिरते तिथे. ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता होत्या. पण हे मला पुढे चार दिवसांनी कळलं, डोंगरात.

फोटो काढायला मी साठीला टेकल्यावर शिकले. कुणी शिकवलं म्हणावं तर कुणीच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दोन महिने खिडकीशी बसायचं होतं, तेव्हा मोबाईलवर बघून बघून शिकले. जावयांनी ते पाहिलं आणि एक दिवस आपला कॅमेरा माझ्या हातात दिला. "आई, वापरा तुम्ही. माझा नुसता कपाटात असतो," म्हणाले. भला माणूस आहे. त्यांच्याशी मी अजून अहो-जाहो करूनच बोलते, लेक हसते त्याला.

यंदा आमच्या इथल्या मराठी मंडळाने दिवाळीला फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. विषय दिला, इथले डोंगर. फोटो रविवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा, मोठ्या आकारात छापता येईल असा, मोबाईलचा चालणार नाही. मी वाचलं आणि मला एकच डोंगर आठवला. फुजैराच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. क्रशर गंजून उभा आहे, कामगारांच्या खोल्यांची लांब ओळ आहे, माणूस एकही नाही. त्या खोल्यांच्या मागे, खाणीच्या खड्ड्यापलीकडे, बसलेल्या म्हशीसारखा एक डोंगर. सकाळी आधी जांभळा, मग मातकट, मग त्याच्या कडा अशा उजळतात की बघत राहावं.

मला तो डोंगर पाठ होता, कारण दीड वर्ष मी रोज त्याच्याकडे बघत पोळ्या लाटल्या होत्या.

हे मात्र घरात कुणाला माहीत नव्हतं. त्याचं असं झालं. चाळीसेक वर्षांपूर्वी हे पुण्याहून निघाले तेव्हा एजंटाने ऑफिसची नोकरी म्हणून सांगितलं होतं. घरी पेढे वाटले, थोरल्या दिरांनी चार लोकांत सांगितलं, धाकटा दुबईला साहेब झाला. इथे आल्यावर कळलं, नोकरी खाणीवर, टाइमकीपरची. कोण कधी कामावर आला, कोण कधी गेला, ते लिहायचं. कागदावर आपण काय होतो आणि इथे काय झालो, हे घरी लिहायचा ह्यांना धीर झाला नाही. पत्रावर पत्ता म्हणून कंपनीच्या दुबईतल्या ऑफिसचा पोस्ट बॉक्स नंबर असायचा. इथे पत्र घरी येतच नाही, सगळं पोस्ट बॉक्सवर. त्यामुळे न बोलताच खोटं निभावलं. मी आले, दीड वर्ष राहिले, मग ह्यांना खरोखरच दुबईत ऑफिसात नोकरी लागली आणि विषय संपला. खलास. लेक नंतर झाली. तिलाही तेच माहीत, जावयांनाही तेच. मंडळात तर ह्यांचा मान मोठा, सुरुवातीपासून ऑफिसात असलेले जुने गृहस्थ म्हणून.

"मी येतो बरोबर," हे म्हणाले. एरवी डोंगरात येणारा माणूस नाही. मी काही बोलून जाईन याची भीती. "आणि फोटो डोंगराचा काढ. खोल्या फ्रेममध्ये नकोत."

"झूम केला की डोंगरच येईल," मी म्हटलं. "काळजी करू नका."

शनिवारी पहाटे आम्ही चौघं निघालो. जावई गाडी चालवत होते, नात मागे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. उजाडायच्या बेताला पोचलो. दारं नसलेल्या खोल्या, उडालेले पत्रे, मेसच्या भिंतीवर कुणीतरी खडूने लिहिलेले आकडे अजून तसेच. क्रशरच्या पट्ट्यावर कबुतरं बसली होती. हे गाडीतून उतरले आणि खोल्यांकडे पाठ करून उभे राहिले.

मी ट्रायपॉड लावला, कॅमेरा बसवला, झूमची कडी फिरवायला गेले. फिरेना. जोर लावला तर आत काहीतरी करकरलं.

"द्या बघू," जावई म्हणाले. त्यांनी कॅमेरा डोळ्याजवळ नेला, फुंकर मारली, मग रुमालाने कडी पुसली. रुमाल लाल झाला.

"आजी, डिड यू डू पूजा ऑन द लेन्स?"

"लेन्सवर नाही, कडेने," मी म्हटलं.

"कडेने," जावई म्हणाले, आणि लाल रुमालाची घडी घातली. दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं. सासूवर ओरडायची सोय नाही बिचाऱ्यांना. चेहरा मात्र पोटात दुखत असल्यासारखा झाला होता. "काही नाही आई. तांदूळ अडकलाय आत. दुकानात दिला की निघेल. आत्ता फक्त झूम होणार नाही. सगळं लांब लांब दिसेल त्यातून, पसरट."

"म्हणजे?"

"म्हणजे डोंगर लहान, आणि अलीकडचं सगळं फोटोत येणार."

अलीकडचं म्हणजे खोल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते आधीच माझ्याकडे बघत होते.

"मग पुढे जाऊन काढ," हे म्हणाले.

खोल्यांच्या पलीकडे लगेच खड्डा. कठडा नाही, काही नाही, सरळ खाली. जावयांनी हात आडवा धरला, "आई, तिकडे अजिबात नाही." उजवीकडे उंचवटा होता, पण माझा गुडघा तिथे चढणार नव्हता.

"घरी जाऊन काप की," हे म्हणाले. "कडा कापता येतात ना कॉम्प्युटरवर?"

"बाबा, एवढं कापलं तर छापताना धूसर होईल तो," जावई म्हणाले. "पण मला विचाराल तर खोल्यांमुळेच फोटो आहे हा. नुसते डोंगर काय, सगळेच आणतील."

"खोल्यांत बघण्यासारखं काय आहे?"

ह्यांचा आवाज चढला. जावयांना कळेना की आपलं काय चुकलं. त्यांनी विषय बदलावा म्हणून नातीला हाक मारली, यल्ला, चल, इकडे ये, लांब जाऊ नकोस. ती एका दारात उभी राहून आत डोकावत होती.

"हाऊ मेनी पीपल लिव्ड इन वन रूम?" तिने विचारलं.

"चार असतील," जावई म्हणाले.

"सहा," हे म्हणाले. "काम जोरात असलं की आठ. चार कुठले. चार म्हणजे चैन झाली."

जावयांनी वळून बघितलं. मी कॅमेऱ्याशी उगाच काहीतरी करत राहिले.

"त्या डावीकडच्या शेवटच्या तीन सोडून," हे पुढे म्हणाले. चुकीचा आकडा ह्यांना कधी सहन झालेला नाही. "त्यात फॅमिली होत्या. स्टोअरवाला, मेकॅनिक, आणि..."

"आजोबा, हाऊ डू यू नो?"

ऊन अजून डोंगरापर्यंत आलं नव्हतं, पण मागचं आकाश फिकट झालं होतं. हे बुटाने खडी सारत उभे होते.

"हजेरी मी घ्यायचो इथे," हे म्हणाले. "ऑफिस नंतर मिळालं. आधी हे. ती बघ, तिसरी खोली, ती आमची. तुझी आजी तिथे राहिली दीड वर्षं. दुपारी सुरुंग उडायचा तेव्हा डब्यांवर हात ठेवून बसायची."

नात त्या दारापाशी गेली. आत बघितलं, मग बाहेर येऊन तिथूनच म्हणाली, "आजी, देअर इज नो किचन."

"होतं," मी म्हटलं. "कोपऱ्यात. तिथल्या खिडकीतून डोंगर दिसायचा."

जावयांनी पाण्याची बाटली उघडून ह्यांच्या हातात दिली. तेवढ्यात डोंगराच्या पाठीवर उजेड आला. मी नातीला हाक मारून बाजूला केलं आणि जसं दिसत होतं तसं टिपलं. अलीकडे खोल्यांची ओळ, दारं काळी काळी, पलीकडे म्हैस आणि तिच्यामागे एकामागून एक फिकट होत गेलेले डोंगर. शेवटचा डोंगर कुठला आणि आकाश कुठलं, ते मलाही सांगता येत नव्हतं.

येताना रस्त्यात करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा घ्यायला थांबलो. हे जावयांना पाण्याचा टँकर कसा यायचा, मुकादम कसा होता, ते सांगत होते. मला वाटलं, झालं, सुटलं एकदाचं. पण घराशी आलो आणि गाडीतून उतरताना म्हणाले, "घरात कळलं, ठीक आहे. मंडळात नको. तिथे लोक मला काय समजतात तुला माहीत आहे."

"तुम्ही नाही म्हणालात तर नाही देणार," मी म्हटलं. खरंच मनात होतं तसं. लोकांना तोंड त्यांना द्यायचं होतं, मला नाही. पण वाईट वाटलं. फोटोचं नाही. आम्ही तिथे काही पाप करत नव्हतो. ऊन होतं, धूळ होती, पण भांडणं कमी होती, आणि ह्यांनी पहिल्या पगारात मला आरसा आणला होता. चाळीस वर्षं ते सगळं कुणापुढे काढायचंच नाही, जणू घडलंच नाही, याचं वाईट वाटत होतं.

रविवारी जेवणं झाल्यावर लेकीने फोटो कॉम्प्युटरवर लावला. आदल्या रात्रीच जावयांनी तिला सगळं सांगितलं होतं. तिने ह्यांना खुर्ची सरकवून दिली. हे चष्मा लावून बसले. "मोठा कर," म्हणाले. "अजून. तिसरं दार दाखव." तिने दाखवलं. दाराची चौकट, आत अंधार, उंबऱ्याशी पडलेला पत्र्याचा तुकडा. आमच्या वेळची अशी एकही खूण नव्हती. तरी हे बघत बसले. चार वाजले, पाच वाजायला आले. सहाला फोटो द्यायचा होता. मी चहा टाकायला उठले.

"छापताना मोठ्यात मोठा छापायला सांग," मागून म्हणाले. "लहान छापला तर दार कुणाला दिसायचं नाही."

मी गॅस बंद केला आणि आधी फोटो पाठवायला लावला.

प्रदर्शनाच्या दिवशी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि हॉलमध्ये शिरल्यापासून माझ्या फोटोपासून दहा हात लांब उभे राहिले. लोक येत होते, म्हैस बघत होते, छान म्हणत होते, पुढे जात होते. मग अबुधाबीहून आलेले एक गृहस्थ फोटोसमोर थांबले. बँकेतून निवृत्त झालेले, कार्यक्रमाला नेहमी टाय लावून येणारे. "कुठली वस्ती ही?" त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे ते दहा हात चालून आले.

"खाणीची. आम्ही राहायचो," हे म्हणाले. "डावीकडून तिसरं दार. मी टाइमकीपर होतो."

ते गृहस्थ टायची गाठ सैल करत म्हणाले, "मी दुबईत अल क्वोजला होतो. खोलीत आठजण. गोदामाच्या वर. घरी मात्र कंपनीचा फ्लॅट म्हणून सांगितलं होतं."

"आठ म्हणजे पलंग एकावर एक?"

"तीन मजली. मी सगळ्यात वर. पंख्याला डोकं लागायचं."

हे हसले. असं मोकळं हसताना मी ह्यांना बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. दोघांनी भिंतीकडच्या खुर्च्या ओढल्या आणि जे बसले ते बसले. बक्षिसं वाचून दाखवली तेव्हाही उठले नाहीत. बक्षीस मला मिळालं नाहीच. ते एका मुलाच्या ढगांना गेलं, आणि ढग खरंच सुंदर होते.

थोड्या वेळाने त्या गृहस्थांच्या पत्नी मला शोधत आल्या. काठापदराची साडी, हातात दोघांच्या खाण्याच्या बशा. "एवढं काय बोलतायत हो हे दोघं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या बशा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आठजण?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं झाली लग्नाला. मला फ्लॅटच सांगितलाय."

रागावल्यात की काय, मला कळेना. मी त्यांच्या हातातल्या बशा घेतल्या, आणि त्या दोघांच्या शेजारी तिसरी खुर्ची सरकवून दिली.

"बसा आणि ऐका," मी म्हटलं. "आत्ता कुठे पंख्यापर्यंत आलेत."