करून राहिले
डाळ मिलवरून जाताना भरडलेल्या तुरीचा कोरडा, नाकात बसणारा वास आला की मला माझी पहिली मुलाखत आठवते आणि अजूनही वैताग येतो. आमच्या गावी अशाच मिलमागच्या खोलीत घर सांभाळून, व्हिडिओ बघत, जुन्या लॅपटॉपवर मी एकटीच प्रोग्रामिंग शिकले होते. पुण्याच्या कंपनीने ऑनलाइन मुलाखत ठेवली तेव्हा मी इन्व्हर्टर तपासला, दारावरची बेल काढून ठेवली आणि सासूबाईंना अजिबात बोलायचं नाही म्हणून बजावलं. पुण्याच्या मॅडमनी एक प्रोग्राम तिथल्या तिथे लिहायला दिला आणि थोड्या वेळाने विचारलं, "झालं का?" मी टाइप करता करता म्हणाले, "करून राहिले." "राहिलं? हरकत नाही, थांबू या मग इथेच." "नाही मॅडम, करून राहिले!" "हो हो, कळलं. राहतं कधी कधी." माझं डोकंच फिरलं. एवढं शिकून नोकरी जाणार ती एका क्रियापदापायी! तेवढ्यात सासूबाई दारातून ओरडल्या, "अवो बाई, ती करूनच राहिली की! मघापासून मान बी वर केली न्हाई तिनं!" मॅडम गोंधळल्या, तेवढ्यात मी स्क्रीन दाखवून प्रोग्राम चालवला. उत्तर बरोबर आलं. "अहो, मग करतेय असं सांगायचं ना!" त्या मलाच म्हणाल्या. नोकरी मिळाली. आता मुलाखती मी घेते. परवा आमच्याच भागातला एक उमेदवार "करून राहिलो, मॅडम" म्हणाला आणि माझे पुण्याचे सहकारी त्याला "ठीक आहे, थांबू या" म्हणायला लागले, तेव्हा मी सरळ त्यांचा माइक बंद केला.