तंबूकाकांची पुस्तकं

जंगलात एकही रात्र न काढलेल्या माणसाकडून तुम्ही जंगल शिकाल का? आम्ही शिकलो; बोईसरमधल्या आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर.

तंबूकाका मूळचे इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावचे. बापजाद्यांची होडी होती, हे कारखान्यात लागले. रात्रपाळी करून आले की पाण्याच्या टाकीला दोर बांधून ताडपत्रीचा तंबू उभारत आणि भर दुपारी त्यात झोपत. उशाशी रद्दीतून मिळवलेली, रानातल्या मुक्कामाची पुस्तकं. मी तिसऱ्या मजल्यावरची भाडेकरू. कपडे वाळत घालायला गेले की आतून आवाज यायचा, "हळू चाल गो, वाघ झोपलाय!"

पुस्तकांशी ते भांडत. 'हवेचा वास घ्या, पाऊस कळेल' या ओळीशेजारी त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आमच्याकडे कारखान्यांचा वास आला की खिडक्या लावा.' दोरांच्या गाठींचं प्रकरण आलं की हसत. "ह्या गाठी माजा आजा डोळे मिटून बांदायचा. पुस्तकवाल्यानं नावं तेवडी नवी ठेवलीत."

"एकदा खरंच जा ना काका, रजा घेऊन."

"जाईन गो. आदी वाचून तर होऊ दे."

रजा मिळत नाही, हे ते कधी बोलले नाहीत.

मग सोसायटीच्या अध्यक्षांनी तंबू उतरवायला लावला. "इमारत झोपडपट्टी दिसते," म्हणाले. पुढच्याच आठवड्यात हेच गृहस्थ काकांच्या दारात गोड चेहऱ्याने उभे. पुस्तकं हवी होती, मुलाला वाचायला. काकांनी सगळी दिली. वर मला म्हणाले, "बग, वाचनारा भेटला."

वर्षभरात अध्यक्षांनी आमच्याच जिल्ह्यातल्या माहीमजवळ वाडी घेऊन तिथे पाहुण्यांसाठी तंबू टाकले. काका जिन्यात विचारत, "सायब, पुस्तकं?" उत्तर ठरलेलं, "वाचतोय काका, घाई काय?"

काकांच्या छातीने दगा दिला. खाटेवरून उठवेना, तेव्हा त्यांनी एकच मागितलं: धबधब्याच्या वाटेचं पान, गच्चीवर मला कितीदा वाचून दाखवलेलं. मी अध्यक्षांकडे गेले. ते मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाले, "ती आता वाडीवर शोभेला लावलीत. म्हाताऱ्याला काय करायचीत?"

मी परत आले आणि ते पान आठवेल तसं सांगू लागले. पहिल्यांदा खडक लागतो, मग ओढा...

"नाय," काका डोळे मिटूनच म्हणाले. "आदी ओडा. मंग खडक."

दोन दिवसांनी ते गेले. अध्यक्ष हार घेऊन आले होते. तो हार मी त्यांच्या हातात परत दिला. तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही आणि होणारही नाही.

म्हणून हे काम तुमच्याकडे. माहीमच्या बाजूला एखाद्या वाडीत तंबूत राहायला गेलात, तर तिथल्या काचेच्या कपाटातली जुनी पुस्तकं उघडून बघा. पहिल्या पानावर 'दांडीवाला' अशी काकांची सही दिसली, तर विचारत बसू नका. पुस्तक पिशवीत घाला आणि बोईसरला मला आणून द्या.