समुद्राकडे कललेला पाट

माझ्याबद्दल सगळं आपल्याला ठाऊक आहे, अशी माझ्या बायकोची समजूत आहे. मी ती कधी मोडली नाही. पण एक गोष्ट तिला ठाऊक नाही — कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, आणि बसल्या बसल्या मन भलतीकडेच जातंय. आधी आठवतो तो आवाज. टक्. मग लाकडावरून सागरगोटा घरंगळत जातानाची बारीकशी घरघर. मग काहीच नाही, नुसती दुपार.

तो गजाच्या खेळाचा आवाज. पण आधी माझ्या खेळाचं सांगतो. पाहा — अजूनही माझंच आधी!

माझा मामा बोटीवर खलाशी होता. एकदा रजेवर येताना मुंबईच्या एका खेळणीवाल्याकडून त्याने माझ्यासाठी विलायती फुटबॉल आणला, पेटीतला. मी तेव्हा बावीस वर्षांचा, रत्नागिरीत कचेरीत कारकून. पण मामाच्या लेखी मी दहाच्या पुढे कधी गेलोच नाही. मधोमध दुमडणारा पुठ्ठा, त्यावर छापलेलं हिरवंगार मैदान, आणि पत्र्याचे बावीस खेळाडू, अकरा लाल, अकरा निळे. फासे टाकायचे आणि पडतील तितकी घरं चेंडू पुढे न्यायचा. त्या मैदानासारखं हिरवं मी आमच्याकडे श्रावणातसुद्धा पाहिलं नव्हतं. संध्याकाळी निम्मी आळी आमच्या पडवीत जमायची. पेटी मीच उघडायचो, मीच मिटायचो. खरं म्हणजे तो सारीपाटच होता, विलायती सदरा घातलेला. पण तेव्हा हे मी कुणाला बोलू दिलं असतं?

गजानन माझा शाळेपासूनचा मित्र. शाळेमागे सडा होता, जांभ्या दगडाचा उघडा माळ, तिथे आम्ही अनवाणी फुटबॉल खेळायचो. सडा समुद्राकडे उतरता. चेंडू कुठेही मारा, तो हळूहळू तिकडेच वळायचा. त्या कडेला गजा. चेंडू कुठे वळणार हे त्याला आधीच कळलेलं असायचं, आणि आम्ही धापा टाकत पोचेपर्यंत हा तिथे उभा! सतराव्या वर्षी असाच धावताना तो कडेवरून खाली गेला. पाय मोडला, आणि जुळला तो आखूड जुळला. तेव्हापासून गजा ओटीवर. वडील नव्हते. आई दुसऱ्यांकडे भात कांडायला जायची. आई सकाळी निघाली की तो मान वळवून बसायचा. तिला जाताना बघणं त्याला सोसायचं नाही.

माझा विलायती खेळ तो एकदाच खेळला. फासे हातात खुळखुळवत म्हणाला, "ह्यात आपण काय करायचं रे? सगळं फासाच करतोय."

महिन्याभराने त्याने मला बोलावलं. समोर फणसाच्या लाकडाचा पिवळाधमक पाट, दोन हात लांब. त्यावर बांबूच्या कामट्यांचे बावीस खेळाडू, बोटाएवढे, भोकांत रोवलेले. कामटी मागे ओढून सोडली की ती चेंडूला मारणार. चेंडू म्हणजे शंभरांतून निवडलेला सागरगोटा. गोलांना फाटक्या जाळ्याचे तुकडे. आणि पाट सपाट नव्हता! एका लांब बाजूला तो बोटभर कमी जाड होता, त्या कडेला एक खोल पन्हळ कोरलेली. तिचं नाव समुद्र. चेंडू समुद्रात गेला की डाव दुसऱ्याचा.

मी कामटी ओढली. टक्. सागरगोटा सरळ निघाला आणि मग, अगदी सड्यावरच्यासारखा, समुद्राकडे वळू लागला. माझ्या अंगावर काटा आला. दोन्ही खेळांची तुलना करायचीच तर ती त्याच क्षणी झाली होती. माझ्या खेळात चेंडू घरं मोजत चालायचा. त्याच्या खेळात वारा होता, उतार होता, तळपायाखालचा तापलेला जांभा होता, आणि कडेला उभा असलेला सतरा वर्षांचा गजा होता, दोन्ही पायांचा.

आठ दिवसांत आमची पडवी रिकामी झाली. मीही गजाकडे जायचो, हसायचो, हरायचो. घरी आलो की पत्र्याचे खेळाडू रांगेत लावून एकटाच बसायचो. वेडेपणा नव्हे तर काय?

मामाही रजेत गजाकडे एक डाव खेळून गेला होता. मुंबईला परतल्यावर त्याने त्या खेळणीवाल्यापाशी गजाच्या खेळाची तारीफ केली. खेळणीवाल्याचं मला पत्र आलं — तुम्ही दोन्ही खेळ खेळला आहात, तेव्हा निःसंकोच तुलना करून लिहा. कारागीर चांगला असेल तर आमच्या कारखान्यात बसून करायचं काम त्याला देऊ. बसून करायचं काम! गजासाठी याहून मोठं काय असणार होतं? मामाने त्यालाही कळवलं होतं. टपाल बोटीने यायचं, म्हणून बंदराकडून बोटीचा भोंगा ऐकू आला की तो काठी टेकत दारापर्यंत यायचा.

मी पत्र लिहिलं. माझं अक्षर सुंदर होतं, सगळे म्हणायचे. मी लिहिलं — विलायती खेळ सर्व बाजूंनी सरस आहे. दुसरा हौसेने केलेला दिसतो. मात्र पाट एका अंगाला कललेला असल्याने चेंडू मध्ये राहत नाही. कारागिराचा हात अजून बसलेला नाही.

पाट कललेला होता, हे खरंच. तो का कललेला होता, तेवढं लिहिलं नाही. पत्र स्वतः टपालात टाकलं, आणि वाटेत मला चक्क बरं वाटत होतं. हेही सांगायला हवं.

पंधरा दिवसांनी गजाला उत्तर आलं. आपला पाट वाकडा असल्याचे कळते. दुरुस्त करून नमुना पाठवावा, मग पाहू. त्याने ते मला दोनदा वाचायला लावलं.

"वाकडा म्हणे! कोणी सांगितलंन असेल रे?"

"कोण जाणे," मी म्हणालो.

त्याने पाटाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हसून म्हणाला, "मुंबईवाल्यांना सडा नाय ठाऊक. त्यांची मैदानं सपाट. माझंच चुकलं." आणि त्याने रंधा मागितला.

आखूड पायामुळे त्याला पाट दाबून धरता येईना. दुसरं टोक मी धरलं. बावीस कामट्या त्याने एकेक करून उपटल्या, पेल्यात ठेवल्या. मग रंधा चालू झाला. जाड बाजू उतरू लागली. फणसाची पिवळी सालपटं माझ्या हातांवर पडत होती, मांडीवर पडत होती, त्यांना गोडसर वास होता. दूर कुठेतरी समुद्र चालू होता. एक वाक्य बोललो असतो तर रंधा थांबला असता. मी पाट आणखी घट्ट धरला. गजा म्हणालासुद्धा, "तू आहेस म्हणून जमतंय, मेल्या."

कामट्या पुन्हा रोवल्या. त्याने एक ओढली. टक्. सागरगोटा सरळ गेला आणि मधोमध थांबला. पन्हळ कोरडीच राहिली. गजा त्या सागरगोट्याकडे पाहत राहिला, बोटाने त्याला थोडं ढकललं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाला, "आता बरोबर झालं."

नमुना बोटीने गेला. असे खेळ आमच्याकडे पुष्कळ आहेत, असं उत्तर आलं.

गजाने तसा खेळ पुन्हा कधी बनवला नाही. तो पोळपाट करू लागला. ओटीवर बसून, जन्मभर. सुरेख करायचा, लोक थेट पावस गावाहून मागायला यायचे. आई मात्र अखेरपर्यंत कांडायला जात राहिली. गजा गेला तेव्हा खांदा द्यायला मी पुढे होतो.

माझ्या लग्नात त्याने दिलेला पोळपाट अजून आमच्या घरात आहे. फणसाचाच आहे. बायको रोज त्यावर पोळ्या लाटते, आणि कोणी आलं की कौतुकाने सांगते, बघा, इतकी वर्षं झाली, कुठे जरासुद्धा कलत नाही. मी मान डोलावतो.