सगळ्या माद्या

आमच्या ह्यांना आख्खा गाव अंडेमामा म्हणतो. उमेदीची सगळी वर्षं कोंबड्यांच्या हॅचरीत अंडी उबवण्यात घालवल्यावर दुसरं काय म्हणणार? उपशापायी नदीत वाळूचा एकच पट्टा उरला आणि तिथली कासवांची अंडी कोल्हे खाऊ लागले, तेव्हा कासव केंद्राच्या डॉक्टरीणबाई ह्यांना शोधत घरी आल्या. ही जात दुसऱ्या कुठल्या नदीत नाही, म्हणाल्या. अंडी उचलून मशीनमध्ये उबवायची होती.

मशीनचा काटा कुठे ठेवायचा ते बाईंनी सांगितलं होतं. पण ऐकतील ते हे कसले! जरा जास्त ऊब दिली की पिल्लं भराभर बाहेर येतात, हा कोंबड्यांचा अनुभव. बाईंची पाठ वळली की काटा वर. मी म्हटलंसुद्धा, अहो, ऐका की त्यांचं. तर म्हणे, तू तुझा कुकर सांभाळ. पिल्लं मात्र खरंच टोपल्या भरभरून निघाली. ती नदीत सोडून घरी आले की असे मिरवायचे, जसे काही स्वतःच बाळंत झालेत.

कासव नर की मादी, ते मोठं झाल्याशिवाय कळत नाही. त्याला वर्षानुवर्षं लागतात. शेवटी बाईंनी ह्यांनी सोडलेली कासवं पकडून शेपट्या तपासल्या. नराची शेपटी जाड असते. तशी एकही सापडली नाही. कासवाच्या अंड्याला ऊब जास्त झाली की मादीच होते. कोंबडीचं तसं नसतं हो, ह्यांना कुठून माहीत असणार?

बाई चिडल्या असत्या तर परवडलं असतं. मी कारण न सांगता नुसता काट्याचा आकडा सांगितला, चूक माझीच, एवढंच म्हणाल्या.

नदीत आधीचा एकच म्हातारा नर उरला होता. गेल्या वर्षी, पुढची अंडी यायच्या आतच, मासेमारीच्या जाळ्यात अडकून तो मेला.

यंदाही माद्या वाळूवर येऊन अंडी घालून गेल्या. ह्यांनी ती उबवायला ठेवली, काटा बाईंनी सांगितला तिथेच. काही दिवसांनी एकेक दिव्यासमोर धरून पाहिलं. एकातही जीव नव्हता.

त्या दिवशी ताट वाढून मी किती वेळ बसले होते. माझा जीव तुटत होता. म्हटलं, अहो, पुरे आता, दोन घास खा.

"अगं, त्या खूप वर्षं जगतात," हे म्हणाले. "मी गेल्यावरही दर वर्षी येतील अंडी घालायला."