सुयोगने बोलती केलेली खिडकी

माझा धाकटा भाऊ सुयोग विशे सापगावला राहतो आणि वाशिंदच्या एका छोट्या कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो. गोदामात कुठला माल आला, कुठला गेला, ते सांभाळणारे प्रोग्रॅम. डोळ्यांच्या आजाराने त्याची नजर कॉलेजात असतानाच मंदावत गेली आणि नोकरी लागल्यावर पुरती गेली. तरी काम सुटलं नाही. कॉम्प्युटरवरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याच्या आवाजावर तो काम करायला शिकला. तो आवाज तो इतका भरभर लावतो की आपल्याला नुसती भुणभुण ऐकू येते. त्या भुणभुणीत त्याला प्रत्येक कंस, प्रत्येक स्वल्पविराम कळतो. मुरबाडहून माहेरी गेले की मी त्याच्या शेजारी बसून नुसती बघत राहते.

कोड लिहायला त्याच्या ऑफिसने एक विकतचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. चांगलं होतं. मग त्याची नवी आवृत्ती आली आणि पडद्यावरच्या ज्या खिडकीत चुका दिसतात ती मुकी झाली. डोळसांना चूक लाल अक्षरांत दिसायची. सुयोगला काहीच ऐकू येईना. काहीतरी बिघडलंय एवढं कळायचं, कुठे ते नाही.

त्याने सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना लिहिलं. "आपली सूचना नोंदवली आहे," असं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच.

"मग तूच का नाही दुरुस्त करत?" मी विचारलं.

"आत उघडून बघायलाच मनाई हाय, ताई. लायसन्सच तसं. आपण वापरायचं, हात नाय लावायचा."

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्या बाजूला बसून चुका वाचून दाखवल्या. मी वाचायची, तो दुरुस्त करायचा, आणि दरवेळी त्याचा चेहरा थोडा उतरायचा. मी परत निघाले त्या सकाळी तो म्हणाला, "माझी चूक मला दुसऱ्यानं सांगायची, असं किती दिवस चालायचं गो?"

त्याचे साहेब, शामराव, भले माणूस. "तुला दुसरं कुठलं जमत असेल तर ते वापर," म्हणाले. मग सुयोगने एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर घेतलं. देशोदेशीच्या लोकांनी मिळून बनवलेलं. त्याचा कोड कुणीही बघावा, कुणीही बदलावा.

आईला ते पटेना. "फुकट देतात, आनि आत काय हाय तेपन दाखवतात? मंग त्यांना काय मिलतं रे?"

"ज्याला जे पायजे ते त्यानं बनवलं, आई. आनि सगल्यांसाठी ठेवलं."

पण तिथेही ती खिडकी धड बोलत नव्हती. "चूक" एवढंच म्हणायची आणि थांबायची. कसली, कुठल्या ओळीत, काही नाही. फरक एकच. इथे दार उघडं होतं.

सुयोग आत शिरला. शेकडो अनोळखी माणसांनी लिहिलेला तो पसारा त्याने कानांनी वाचायला घेतला. भातझोडणी आटपल्यापासून पार उन्हाळ्यात भातरोपांसाठी राब भाजायला घेईपर्यंत ऑफिसचं काम सांभाळून तो ऐकतच होता. ती खिडकी चुकांची माहिती पडद्यावर रंगवत होती, पण वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देतच नव्हती. ती जागा त्याला सापडली. त्याने दुरुस्ती लिहून पाठवली. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांपैकी परदेशातल्या एका बाईंनी ती तपासली, उणिवा काढून परत पाठवली. त्याने सुधारली. पुन्हा परत आली. शेवटी एका दुपारी त्यांचा निरोप आला: घेतली.

मग पत्रं यायला लागली. एका मुलीने लिहिलं होतं, "मलाही दिसत नाही. आज माझी चूक मी पहिल्यांदा एकटीने शोधली." सुयोगने ते आम्हाला मराठीत सांगितलं. आई हळूच म्हणाली, "तुज्या हातचं एवढ्या लांब पोचलं?"

पुढच्या वर्षी त्या विकतच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी जाहीर केलं की त्यांची खिडकी आता बोलते. सुयोगने ती लावून ऐकली, तर त्याच्याच दुरुस्तीतली वाक्यं शब्दाला शब्द ऐकू आली.

माझा संताप झाला. "तुला धड उत्तर दिलं नाही, आणि आता तुझंच घेऊन विकतात?"

"घेऊ दे ना. आपल्या या उघड्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सात तेच हाय. कुणीपन घ्यावं, विकावं, फक्त लिहिणाऱ्याचं नाव काढू नये." तो हसला. "तिकडं पन माझ्यासारखे असतील. त्यांना तर ऐकू येईल."

"नाव ठेवलंय का पण?"

त्याने त्या विकतच्या सॉफ्टवेअरमधलं एक पान उघडलं. ज्यांचं काम आत वापरलं त्या सगळ्यांची नावं तिथे होती. आम्हाला समजावं म्हणून त्याने आवाज अगदी सावकाश लावला. एकामागून एक परकी नावं आली, कुठल्या कुठल्या मुलखांतली. आणि मधेच त्या यंत्राने अडखळत, भलत्याच उच्चारात म्हटलं, "सुयोग विशे."

आई टेबलाजवळ सरकली.

"परत लाव रे," ती म्हणाली.