वीस मार्चची ओंजळ

"म्याडम, वंजळ धरा," असं म्हणून मावशींनी तांब्या माझ्या डोक्याइतका वर धरला.

तारीख वीस मार्च. पाचच मिनिटांपूर्वी शाळेच्या पटांगणात मी भाषण ठोकून आले होते. चवदार तळं, समतेचा लढा, पाण्यावर सगळ्यांचा हक्क. पोरांनी टाळ्या वाजवल्या, सरांनीही वाजवल्या. नांदूरघाटाजवळच्या या शाळेत नऊ वर्षं हे भाषण माझ्याच गळ्यात पडतं. "तुमचाच कार्यक्रम हाय, म्याडम, तुमीच बोला," हेडसर म्हणतात. पंधरा ऑगस्टला बोलायला मात्र सगळे असतात.

घसा कोरडा पडला होता आणि माझी बाटली रिकामी. म्हणून स्टाफरूममधल्या माठाकडे गेले. खिचडी शिजवणाऱ्या मावशी आडव्या आल्या. रागानं नाही. हसत.

आणि मी? माझे हात जुळले. आपोआप. डी.एड. झालेले, हजेरीवर सही करणारे हात. मी वाकले. दोन घोट प्यायलेसुद्धा. पाणी कोपरावरून ओघळून साडीत गेलं.

लाज कुणाची वाटली सांगू? मावशींची नाही. माझी. नऊ वर्षं मी घरून बाटली आणत होते. आणा, असं कुणी म्हटलं नव्हतं. रुजू झाले त्या आठवड्यात मी माठाकडे गेले की सगळ्यांचं बोलणं थांबायचं. तेवढ्यावरून मी समजून घेतलं. स्वच्छतेसाठी आणते, असं नवऱ्याला सांगायची, स्वतःलाही. आजोबांनी छप्पनच्या दीक्षेनंतर मेलेली ढोरं ओढणं सोडलं, त्यापायी मार खाल्ला. आणि त्यांची शिकलेली नात कुणी न सांगताच वाकत होती. थू माझ्यावर.

मी ओंजळ उघडली. पाणी फरशीवर पडलं. माठाचं झाकण काढलं, तिथला स्टीलचा पेला आत बुडवला, तोंड लावून प्यायले. स्टाफरूममधल्या सगळ्यांच्या देखत. आणखी एक भरला.

"म्याडम, आजच्या दिवशी कावून तमाशा करायलात?" हेडसर म्हणाले.

"आज नाही तर कधी, सर?"

दुसऱ्या दिवशी माठ गायब. फुटला म्हणे. टेबलावर पाच जणांच्या पाच बाटल्या. मावशी माझ्याकडे बघेनात. आठवड्यानं हेडसरांनी बोलावलं. "गेवराईकडं बदली मागून घ्या. तुमच्याच भल्याचं सांगतो."

माझं भलं! नऊ वर्षं कुठं झोपलं होतं ते?

केजहून मी नवा माठ आणला. स्टाफरूममध्येच ठेवला. रोज भरते. कुणी शिवत नाही. नाही शिवले तर नाही. झालं ते सगळं नावानिशी लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिलंय, पोच घेतलीय. माझी बाटलीसुद्धा त्यात लिहिली. चौकशी झाली तर हेच सांगीन, हेडसरांच्या तोंडावर. झाली नाही तर पुन्हा अर्ज देईन.

बदली मी मागणार नाही. हलवायचंच असेल तर हुकूम काढा आणि त्यावर कारण लिहा. मी आपण होऊन आता कुठूनही उठणार नाही.